पेठेतील रुग्णालय ‘पूर्ण क्षमतेने’ चालू ठेवायचे, तर नेमके काय मागावे?

आपला प्रश्न मला समजला तो असा. पुण्याच्या मध्यवर्ती पेठांमधील महापालिकेच्या एका रुग्णालयात आधी रात्रीची सिझेरियन थांबली, मग लहान मुलांचा वॉर्ड ‘तात्पुरता’ दुसरीकडे हलवला गेला, आणि आता अतिदक्षता विभाग बाहेरच्या संस्थेकडे सोपवण्याची चर्चा आहे. अधिकारी सांगतात की रुग्णालय बंद करण्याचा कोणताही प्रस्ताव नाही. परिसरातील रहिवासी, व्यापारी आणि गणेश मंडळांचे कार्यकर्ते यांनी मिळून कृती समिती स्थापन केली, हजारो सह्यांचे निवेदन आयुक्त कार्यालयात दिले, आणि त्यावर ‘नोंद घेण्यात आली आहे’ एवढे एका ओळीचे उत्तर आले. पुढे मोर्चा काढावा की उच्च न्यायालयात जावे, असे आपण विचारले आहे.

मी भूलतज्ज्ञ आहे. महापालिकेच्या आरोग्यसेवेत बरीच वर्षे शस्त्रक्रियागृहात काढली, नंतर वैद्यकीय अधीक्षक म्हणून काम केले, आणि निवृत्तीनंतर पुण्यात व पुण्याबाहेर अशा समित्यांना कागदपत्रे वाचून देण्याचे काम करते. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे आहे की मोर्चा आणि याचिका या दोन्हींची वेळ नंतर येते. त्याआधी आपल्या समितीने ‘पूर्ण क्षमतेने’ या शब्दांचा अर्थ सेवा, वेळ आणि पदे यांच्या भाषेत लिहून काढला पाहिजे. आज आपली मागणी ‘रुग्णालय बंद करू नका’ अशी आहे आणि अधिकाऱ्यांचे उत्तर ‘बंद करत नाही’ असे आहे. ते उत्तर शब्दशः खरे आहे, म्हणूनच त्यावर पुढे बोलता येत नाही.

सार्वजनिक रुग्णालय आदेश काढून बंद केल्याचे मी क्वचितच पाहिले आहे. बहुतेक वेळा एखादा भूलतज्ज्ञ निवृत्त होतो किंवा राजीनामा देतो आणि ते पद भरले जात नाही. काही महिने बाहेरून बोलावलेल्या डॉक्टरांवर काम चालते, मग त्यांची बिले थकतात आणि ते येणे बंद करतात. दिवसा ठरवून होणाऱ्या शस्त्रक्रिया सुरू राहतात, पण रात्री शस्त्रक्रियागृहाला कुलूप लागते. रात्री सिझेरियन होणार नाही हे परिसरात एकदा कळले की पहिल्यापासून तपासणीला येणाऱ्या बायकासुद्धा सातव्या-आठव्या महिन्यात दुसरीकडे नाव घालतात, कारण कळा कधी सुरू होतील हे कोणी सांगू शकत नाही. त्यामुळे दिवसाच्या प्रसूतीही घटतात. वर्षअखेरीस अहवालात खाटांचा वापर कमी दिसतो, आणि त्याच अहवालाच्या आधारे ‘रुग्णसंख्या कमी असल्याने’ परिचारिका आणि बालरोगतज्ज्ञ उपनगरातील दवाखान्यात प्रतिनियुक्तीवर पाठवले जातात. या साखळीतील प्रत्येक कागद आपापल्या जागी बरोबर असतो. चूक सुरुवातीच्या रिक्त पदात असते आणि तेथपर्यंत मागे जाऊन कोणी पाहत नाही.

म्हणून आपली लढाई मुख्यतः रात्रीच्या सेवेसाठी आणि रिक्त पदांसाठी आहे, असे मी मानते. इमारत उभी आहे, बाह्यरुग्ण विभागात सकाळी रांग आहे, औषधे मिळत आहेत, यावर समाधान मानू नये.

चोवीस तासांची सेवा म्हणजे किती माणसे, हे समितीतील प्रत्येकाला तोंडपाठ असावे, कारण बैठकीत ‘एक सिस्टर दिलेली आहे’ अशी उत्तरे मिळतात. एका जागेवर चोवीस तास एक परिचारिका हवी असेल, तर आठवड्यात सात दिवसांच्या प्रत्येकी तीन, म्हणजे २१ पाळ्या होतात. साप्ताहिक सुट्टी धरून एक जण सहा पाळ्या करते, म्हणजे साडेतीन माणसे लागली. त्यावर रजा, आजारपण आणि प्रशिक्षणासाठी ३० टक्के राखीव धरले की आकडा साडेचारच्या वर जातो. थोडक्यात, प्रसूतिकक्षात रात्री दोन परिचारिका दिसायच्या असतील तर आस्थापनेच्या यादीत किमान नऊ नावे हवीत. यादीत पाच नावे असताना ‘सेवा चोवीस तास सुरू आहे’ असे कोणी सांगितले, तर कोणत्या तरी पाळीत कक्ष रिकामा आहे किंवा कोणी तरी सलग दोन पाळ्या करत आहे.

डॉक्टरांचे गणित याहून कडक आहे. तातडीचे सिझेरियन करायचे तर स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, बाळाला सांभाळणारे बालरोगतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृहाची परिचारिका आणि रक्ताची सोय हे सर्व एकाच वेळी हजर असावे लागते. राष्ट्रीय आरोग्य अभियानात ज्याला प्रथम संदर्भ केंद्र म्हणतात, त्याच्या व्याख्येतच तातडीची प्रसूतिसेवा, नवजात बालकाची काळजी आणि रक्तसाठवण या तीन गोष्टी चोवीस तास असाव्यात असे आहे. बाळाचे ठोके खाली गेल्यावर निर्णयापासून तीस मिनिटांत शस्त्रक्रिया सुरू व्हावी, हा आमच्या व्यवसायातील सर्वमान्य दंडक आहे. प्रसूतीनंतर सुरू झालेला अतिरक्तस्राव उपचार न मिळाल्यास साधारण दोन तासांत जीव घेऊ शकतो. सिझेरियनसाठी लागणाऱ्या वरच्या पाचांपैकी एक जरी नसला तरी उरलेल्या चौघांचा त्या रात्री उपयोग होत नाही. म्हणूनच एका भूलतज्ज्ञाचे पद रिक्त ठेवले की कागदावर एक पद वाचते आणि प्रत्यक्षात संपूर्ण प्रसूती विभागाची रात्र जाते.

यावर आपल्याला हमखास सांगितले जाईल की ससून दोन-तीन किलोमीटरवर आहे. हे अंतर खरे आहे, आणि ससूनमधील डॉक्टरांच्या कामाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. १८६७ साली सुरू झालेले ते रुग्णालय बाराशेहून अधिक खाटांचे आहे. पण तेथे पुणे शहराचेच नव्हे, तर संपूर्ण जिल्ह्याचे आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांचे गंभीर रुग्ण येतात. पेठेतील साधी अडलेली प्रसूती तेथे पाठवली की ती त्या गर्दीत सर्वांत मागे उभी राहते, आणि खरोखर तेथेच जावे लागणाऱ्या रुग्णाची खाटही अडते. शिवाय रुग्णवाहिकेला किलोमीटर नव्हे, मिनिटे मोजावी लागतात. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, कुमठेकर रस्ता आणि केळकर रस्ता चोवीस तासांहून अधिक काळ मिरवणुकीने भरलेले असतात. खडकवासल्यातून पाणी सोडले की बाबा भिडे पूल पाण्याखाली जातो आणि त्याची वाहतूक उरलेल्या पुलांवर येते. एरवीही संध्याकाळी सात वाजता मंडईपासून स्टेशनपर्यंत १०८ ची रुग्णवाहिका किती वेळात पोहोचते, ते आपण स्वतः घड्याळ लावून नोंदवावे. निवेदनातील भावनिक परिच्छेदापेक्षा तशा नोंदींचा एक तक्ता अधिक काम करील.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही स्पष्ट सांगते. आपले रुग्णालय महापालिकेचे आहे असे गृहीत धरून मी लिहीत आहे. ते राज्य शासनाचे असते, तर पदे मंत्रालयातून भरली जातात आणि आयुक्तांकडे निवेदने देण्यात वेळ जातो. ते सार्वजनिक विश्वस्त संस्थेचे असते, तर प्रश्न धर्मादाय आयुक्तांकडे जातो. विश्वस्तांना स्थावर मालमत्ता विकायची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ खाली पूर्वपरवानगी लागते, आणि धर्मादाय रुग्णालयांवर कलम ४१कक खाली निर्धन रुग्णांसाठी १० टक्के व दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटांचे बंधन असते. सर्वांत आधी मिळकत पत्रिका पाहून जमीन कोणाच्या नावावर आहे आणि चालवणारी संस्था कोणती आहे याची खात्री करा. एका शहरातील समिती महापालिकेच्या दारात आंदोलन करत राहिली आणि जमीन एका विश्वस्त संस्थेची निघाली. तोपर्यंत हरकत घेण्याची मुदत टळली होती.

दुसरी गोष्ट इमारतीची. वॉर्ड हलवण्यामागे खरोखर संरचनात्मक तपासणीचा प्रतिकूल अहवाल असेल, तर त्याला विरोध करणे चूक ठरेल. मोडकळीस आलेल्या छताखाली बाळंतिणींना ठेवा, अशी मागणी कोणीही करू नये. अशा वेळी मागणी बदलते. अहवालाची प्रत, दुरुस्तीचा कार्यादेश, काम पूर्ण होण्याची तारीख, आणि तोपर्यंत पेठेतच पर्यायी जागी कोणती सेवा किती वाजेपर्यंत मिळेल, हे लेखी मागावे. ‘तात्पुरते’ या शब्दापुढे तारीख नसेल, तर ते स्थलांतर कायमचे समजून कामाला लागावे.

तिसरी गोष्ट कार्यकर्त्यांना ऐकायला आवडत नाही, पण ती सांगितली पाहिजे. प्रत्येक रुग्णालयात प्रत्येक सेवा असणे रुग्णाच्या हिताचेही नसते. अगदी कमी वजनाच्या बाळांचा अतिदक्षता विभाग किंवा मेंदूच्या शस्त्रक्रिया जेथे रोज होतात तेथेच चांगल्या होतात. हात रोज चालला नाही तर कौशल्य राहत नाही. म्हणून समितीने ‘सर्व विभाग जसेच्या तसे’ असा हट्ट धरू नये. माझ्या मते पेठेतील सामान्य रुग्णालयात ज्या सेवांवर तडजोड करू नये, त्या म्हणजे चोवीस तास अपघात विभाग, चोवीस तास सिझेरियनसह प्रसूती, आजारी नवजात बालकांचा साधा कक्ष, औषधवैद्यकशास्त्र (जनरल मेडिसिन) आणि बालरोग यांचे आंतररुग्ण वॉर्ड, काही खाटांचा अतिदक्षता विभाग, आणि रात्रीही चालणारी प्रयोगशाळा, क्ष-किरण व रक्तसाठवण. याच्या पलीकडचे मोठ्या रुग्णालयात गेले तरी चालेल.

पुरावा कोठे मिळेल, हा आपल्या प्रश्नातला न विचारलेला भाग आहे, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रत्येक सार्वजनिक रुग्णालयाच्या अपघात विभागात आणि प्रसूतिकक्षात रुग्ण दुसरीकडे पाठवल्याची एक नोंदवही, म्हणजे संदर्भ नोंदवही, असते. साधी लांब पुठ्ठ्याची वही असते, समासात हाताने रेघा मारलेल्या असतात. तारीख, वेळ, रुग्णाचे नाव, निदान, कोठे पाठवले, कशाने पाठवले आणि शेवटच्या रकान्यात कारण. या शेवटच्या रकान्यात ड्युटीवरचा तरुण डॉक्टर रात्री अडीच वाजता खरे लिहितो: ‘भूलतज्ज्ञ उपलब्ध नाही’, ‘बालरोगतज्ज्ञ रजेवर’, ‘खाट रिकामी नाही’. अधीक्षक असताना मी दर सोमवारी ही वही मागवून घेत असे, कारण मासिक अहवालात जे दिसत नाही ते तिच्यात असे. एकच कारण पानामागून पान येत असेल, तर रुग्णालयाचा आजार तेथेच लिहून ठेवलेला असतो. गेल्या दोन वर्षांतील या नोंदी महिनावार आणि कारणवार मोजल्या, तर ‘रुग्ण येत नाहीत’ या दाव्याला उत्तर मिळते. रुग्ण येतात, त्यांना परत पाठवले जाते.

ही माहिती माहिती अधिकारातून मिळते, पण अर्ज नीट केला तरच. आपल्या राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून सर्व काही एका अर्जात कोंबू नका. एक अर्ज मंजूर, भरलेल्या आणि रिक्त पदांच्या पदनामनिहाय माहितीसाठी, दुसरा प्रतिनियुक्तीवर गेलेल्या कर्मचाऱ्यांच्या आदेशांच्या प्रतींसाठी, तिसरा संदर्भ नोंदवहीच्या महिनावार आकड्यांसाठी, चौथा विभाग हलवण्याच्या निर्णयाच्या टिप्पणीसाठी, असे वेगवेगळे करावेत. रुग्णांची नावे मागू नयेत. ती खासगी माहिती आहे, आणि नावे मागितली की तेवढ्या कारणावरून अर्ज फेटाळता येतो. अर्जाला १० रुपये शुल्क आहे, उत्तराची मुदत ३० दिवस आहे, उत्तर न आल्यास ३० दिवसांत प्रथम अपील आणि पुढे ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. याच कायद्याच्या कलम ४ नुसार लोकांवर परिणाम करणाऱ्या निर्णयांची वस्तुस्थिती स्वतःहून प्रसिद्ध करणे आणि बाधितांना निर्णयाची कारणे सांगणे प्राधिकरणावर बंधनकारक आहे. ‘नोंद घेण्यात आली आहे’ या उत्तराला आपण पहिले प्रत्युत्तर याच कलमाच्या आधारे द्यावे. सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू देण्याची पुण्यात रुजलेली पद्धत २०१८ मध्ये शासनाने राज्यभरासाठी सांगितली. ती सोय आज सुरू आहे का ते आधी विचारावे, आणि असल्यास समितीतील दोन शांत स्वभावाच्या व्यक्तींनी त्या वेळेत जाऊन फाईल वाचण्याची सवय लावून घ्यावी. आणखी एक लक्षात ठेवा. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यानंतर महापालिकेत प्रशासकाचा कारभार सुरू झाला आणि त्या काळात मुख्य सभा व स्थायी समिती या दोन्हींचे अधिकार प्रशासकाकडे होते. आपल्या रुग्णालयाबाबतचा मूळ निर्णय त्या काळातला असेल, तर त्याची चर्चा सभावृत्तांतात सापडणार नाही. प्रशासकाच्या ठरावाचा क्रमांक आणि तारीख मागावी लागेल.

पैशाचा मुद्दा येईलच. पद भरा म्हटले की आस्थापना खर्च, म्हणजे मुख्यतः कर्मचाऱ्यांच्या पगाराचा खर्च, ३५ टक्क्यांच्या मर्यादेत ठेवायचा असल्याचे कारण पुढे येते. ही मर्यादा खरी आहे आणि तिच्यामुळे प्रामाणिक अधिकाऱ्यांचेही हात बांधले जातात. परंतु आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या आराखड्यात, आधीच असलेले पद भरणे आणि नवे पद निर्माण करणे यांत फरक आहे. आपली मागणी पहिल्या प्रकारची असेल तर ती जोरात मांडता येते. अंदाजपत्रक सादर होते जानेवारी ते मार्चच्या दरम्यान, पण खात्यांकडून मागण्या त्याच्या कितीतरी आधी गोळा होतात. अधीक्षकांनी आरोग्य खात्याला काय मागणी पाठवली आहे, हे दिवाळीच्या सुमारासच विचारले पाहिजे. अंदाजपत्रक मंजूर झाल्यानंतरही लक्ष काढू नये, कारण वर्षाच्या मध्यावर वर्गीकरणाच्या प्रस्तावातून रुग्णालयाच्या यंत्रसामग्रीचे पैसे रस्त्याच्या कामाकडे वळू शकतात. वर्गीकरणाचे प्रस्ताव स्थायी समितीच्या कार्यपत्रिकेवर असतात. ती कार्यपत्रिका दर आठवड्याला वाचणारा एक माणूस समितीत असावा. आणि खर्चाचा दुसरा अर्धा भागही मांडावा. महापालिका शहरी गरीब योजनेखाली खासगी रुग्णालयांतील उपचारांचा भार उचलते. स्वतःचे शस्त्रक्रियागृह रात्री बंद ठेवून तोच रुग्ण खासगीत गेल्यावर त्याच्या बिलाचा वाटा भरणे, हा बचतीचा मार्ग कसा, हे आकडे मागून विचारावे.

लोकसंख्या उपनगरांत गेली, पेठा ओस पडल्या, असाही युक्तिवाद होतो. महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली आणि तेथे आरोग्यसेवेची गरज मोठी आहे, हे मान्य केले पाहिजे. त्या गावांच्या विरोधात बोलणारी समिती मला पटणार नाही. पण काशेवाडी, लोहियानगर, मंगळवार पेठ येथील दाट वस्त्या कोठे गेल्या नाहीत. वाड्यांमधून आणि जुन्या इमारतींमधून एकटी राहणारी वृद्ध माणसे आहेत, आणि रविवार पेठेपासून मार्केट यार्डाच्या रस्त्यापर्यंत रोज कामाला येणारे हमाल, दुकानांतील कामगार, पथारीवाले हे जनगणनेत येथे मोजले जात नाहीत, तरी छातीत दुखू लागले की याच अपघात विभागात येतात. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने हजार लोकसंख्येमागे दोन खाटा, आणि त्याही तातडीच्या पहिल्या तासात गाठता येतील अशा विखुरलेल्या, असे उद्दिष्ट ठेवले आहे. उपनगराला नवी पदे द्यावीत. पेठेतली पदे उचलून तेथे नेली तर दोन्हीकडे अर्धे दवाखाने उरतात.

साथीच्या काळात या शहराने काय अनुभवले, तेही बैठकीत आठवून द्यावे. २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या वेळी नायडू रुग्णालयाबाहेर लागलेल्या रांगा पुणेकर विसरलेले नाहीत. मार्च २०२० मध्ये राज्यातील पहिले करोनाबाधित रुग्ण दाखल झाले तेही महापालिकेच्या त्याच रुग्णालयात. २०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गिलान-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा महापालिकेने कमला नेहरू रुग्णालयात खाटा राखून ठेवल्या. त्या त्या वेळी खाटा, प्राणवायूची नळी आणि प्रशिक्षित परिचारिका आधीपासून असल्यामुळेच हे करता आले. संकट आल्यावर भरती करून वॉर्ड उभा राहत नाही.

अतिदक्षता विभाग बाहेरच्या संस्थेकडे देण्याच्या चर्चेचा आपण उल्लेख केला आहे. मी अशा व्यवस्थेला सरसकट विरोध करत नाही, कारण रिकामा पडलेला व्हेंटिलेटर पाहण्यापेक्षा चालू विभाग बरा. पण करारनामा वाचल्याशिवाय पाठिंबा देऊ नका. रुग्णाकडून सीजीएचएस (केंद्र सरकारी आरोग्य योजना) दराने पैसे घेणार की महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून मोफत उपचार होणार, किती खाटा पूर्णपणे मोफत, रात्रीच्या पाळीत अतिदक्षता प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर प्रत्यक्ष हजर असणार की फोनवर, माणूस कमी पडला तर दंड किती आणि तो कोण वसूल करणार, ही कलमे पाहावीत. करार मुदतीआधी मोडला तर दुसऱ्या दिवशी विभाग कोण चालवणार, याचे उत्तर बहुतेक करारांत नसते. ते लिहून घ्यावे.

भूलतज्ज्ञ मिळतच नाहीत, असेही सांगतील. खासगी रुग्णालयांच्या तुलनेत पगार कमी असल्याने अडचण खरी आहे. प्रत्येक शस्त्रक्रियेमागे मानधन देऊन बाहेरचे भूलतज्ज्ञ बोलावणे हा दिवसाच्या ठरलेल्या यादीसाठी चांगला उपाय आहे, पण रात्रीच्या प्रसूतीसाठी तो पुरेसा नाही, कारण कोथरूड किंवा हडपसरहून येणारा माणूस तीस मिनिटांच्या हिशेबात बसत नाही. रात्रीसाठी रुग्णालयात मुक्कामी असणारी व्यक्तीच हवी. त्याचा टिकाऊ मार्ग म्हणजे डीएनबीसारखे (रुग्णालयात काम करत शिकण्याचे) पदव्युत्तर वैद्यकीय अभ्यासक्रम रुग्णालयात सुरू करणे, ज्यामुळे निवासी डॉक्टर चोवीस तास मिळतात आणि वरिष्ठांनाही थांबावेसे वाटते. महापालिकेचे स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय २०२२ मध्ये सुरू झाले आहे. त्याच्या विस्ताराचा लाभ पेठेतील रुग्णालयांना कसा मिळेल, हा प्रश्न समितीने आवर्जून विचारावा.

न्यायालयाचा मार्ग कधी घ्यावा, ते आता सांगते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये सार्वजनिक रुग्णालये व दवाखाने स्थापन करणे आणि चालवणे हे महापालिकेच्या आवश्यक कर्तव्यांत मोडते. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात पैसे नाहीत या सबबीवर वैधानिक कर्तव्य टाळता येत नाही असे म्हटले, आणि १९९६ मध्ये पश्चिम बंगालच्या खेतमजूर समितीच्या खटल्यात, रेल्वेतून पडून जखमी झालेल्या माणसाला एकामागोमाग एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवल्याबद्दल, वेळेवर तातडीचे उपचार न मिळणे हा जगण्याच्या अधिकाराचा भंग असल्याचा निर्णय दिला. पाया मजबूत आहे. परंतु कोणती सेवा कोठे असावी हे न्यायालय सहसा स्वतः ठरवत नाही. मंजूर पद, रिक्त पद, परत पाठवलेल्या रुग्णांचे आकडे आणि आपण दिलेल्या निवेदनांना मिळालेली उत्तरे हे सर्व जोडलेले असेल, तरच जनहित याचिकेवर ठोस आदेश मिळण्याची शक्यता असते. पुण्यासाठी ही याचिका मुंबईतच दाखल करावी लागते, तो खर्च आणि वेळही गृहीत धरा. त्याआधी, मुख्य सभेने किंवा प्रशासकाने केलेला ठराव कायद्याच्या विरोधात असेल तर तो त्याच अधिनियमाच्या कलम ४५१ खाली निलंबित वा विखंडित (रद्द) करण्याची विनंती राज्य शासनाला करता येते. आणि जमिनीच्या वापरात बदल करण्याचा प्रयत्न दिसला, तर सर्व बाजूला ठेवून तिकडे धावावे. जुन्या हद्दीचा विकास आराखडा जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झालेला आहे. त्यातील रुग्णालयाचे आरक्षण बदलायचे तर नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली सूचना प्रसिद्ध होते आणि हरकतींसाठी एक महिना मिळतो. त्या एका महिन्यात आलेल्या लेखी हरकतीचे वजन नंतरच्या कोणत्याही मोर्च्याला येत नाही.

मोर्चा काढूच नये असे मी म्हणत नाही. तो मागणी लिहून झाल्यावर, अंदाजपत्रकाच्या आधी, आणि महापालिका भवनावर काढावा. रुग्णालयाच्या आवारात घोषणा देऊ नयेत, वॉर्डात कॅमेरे नेऊ नयेत, रात्रपाळीच्या परिचारिकेला जाब विचारू नये. २०१० च्या कायद्याप्रमाणे वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हिंसा हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा अजामीनपात्र गुन्हा आहे, आणि एका कार्यकर्त्याच्या रागापायी संपूर्ण समिती आरोपी ठरते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या परिचारिका आपल्या बाजूच्या आहेत. कमी माणसांत काम ओढण्याचा सर्वांत जास्त त्रास त्यांनाच होतो. त्या उघडपणे बोलू शकत नाहीत, सेवाशर्ती आड येतात. त्यांच्या संघटनेच्या पदाधिकाऱ्यांशी मात्र बोलता येते.

तर क्रम असा राहील: मालकी आणि जमिनीची खात्री, माहिती अधिकाराचे वेगवेगळे अर्ज, नोंदवहीतील कारणांचा तक्ता, त्यावरून एका पानाची मागणी, मग अधीक्षक, आरोग्यप्रमुख आणि आयुक्त यांच्याशी याच क्रमाने बैठका, त्यानंतर मोर्चा, आणि शेवटी याचिका. एका पानाच्या मागणीत वाक्ये अशी असावीत: ‘भूलतज्ज्ञांची मंजूर पदे अमुक तारखेपर्यंत भरावीत, तोपर्यंत रात्री ८ ते सकाळी ८ मुक्कामी भूलतज्ज्ञ करार पद्धतीने नेमावा, दर महिन्याचे ड्युटी रोस्टर प्रवेशद्वाराशी लावावे, आणि दुसरीकडे पाठवलेल्या रुग्णांची कारणवार संख्या दर महिन्याच्या ५ तारखेला प्रसिद्ध करावी.’ एका शहरात समितीने इमारतीविषयी एक शब्दही न बोलता फक्त एवढेच मागितले होते. रोस्टर भिंतीवर लागल्यानंतर रिकामे रकाने नातेवाईकच मोजू लागले, आणि काही महिन्यांत रात्रीचे शस्त्रक्रियागृह सुरू झाले.

शेवटी आपल्या सह्यांविषयी. त्या फाईलमध्ये पडून राहू देऊ नका. सही करणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरातील रुग्णाला या रुग्णालयातून रात्री दुसरीकडे पाठवले गेले, त्यांना पुन्हा भेटा. किती वाजता पोहोचले, कोणी काय सांगितले, कोणत्या वाहनाने गेले, किती पैसे पडले, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि केस पेपरची व संदर्भ चिठ्ठीची प्रत जोडा. प्रसूतीच्या रुग्णाला जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार एका सार्वजनिक रुग्णालयातून दुसऱ्यात नेण्यासाठी मोफत वाहन मिळायला हवे. तरीही रिक्षाचे पैसे स्वतः दिले असतील तर तेही नोंदवा. प्रत्येकाची लेखी संमती घ्या आणि संमतीशिवाय कोणाचेही नाव किंवा निदान पत्रकारांना देऊ नका, विशेषतः बाळ दगावलेले असेल तेव्हा. असे वीस-पंचवीस जबाब आणि नोंदवहीतील आकडे एकमेकांशी जुळले की मला कळवा. मागणीचा मसुदा आणि पदांचा हिशेब मी तपासून देईन.